‘ऑर्गन’ या संज्ञेचा प्रवास : खानदेशातील लहान चर्चच्या संदर्भात

एकाच नावाखाली दोन भिन्न वस्तू वावरू लागल्या म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकाची फसगत होते. ‘ऑर्गन’ ही संज्ञा या दृष्टीने उद्बोधक आहे. चर्चच्या मूळ ऑर्गनमध्ये भात्याचा वारा नळ्यांत शिरून नाद उत्पन्न होतो. उलटपक्षी, मराठी नाटकमंडळ्यांच्या ऑर्गनमध्ये, तसेच हार्मोनियममध्ये, धातूच्या पातळ पत्त्या कंप पावतात. म्हणून जळगाव-धुळ्याकडील एखाद्या लहान चर्चच्या संबंधात ‘ऑर्गन’ हा शब्द आढळल्यास वाद्य नळ्यांचे की पत्त्यांचे, याचा निर्णय प्रथम केला पाहिजे.

नळ्यांचा ऑर्गन उत्तर हिंदुस्थानात सोळाव्या शतकातच पोहोचला होता. हाजी हबीबुल्ला याने गोव्याहून आणलेले असे वाद्य १५८० च्या सुमारास अकबराच्या दरबारी दाखविण्यात आले. बदाऊनी त्यास ‘अर्गनून’ म्हणतो व पुरुषभर उंचीच्या पेटीची उपमा देतो. फार्सी ‘अर्गनून’ आणि इंग्रजी ‘ऑर्गन’ ही दोन्ही रूपे ‘साधन’ या अर्थाच्या एकाच ग्रीक शब्दापासून निघालेली होत. मराठीत रूढ झाले ते इंग्रजी रूप. परंतु तोवर वस्तू पालटू लागली होती.

नळ्यांचे वाद्य इमारतीत बांधावे लागते. त्याचे लाकूड व चामडे हवामानाने बिघडते आणि दुरुस्तीस तज्ज्ञ लागतो. १८४२ मध्ये पॅरिसच्या देबँ याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पायपेटीऐवजी हातभात्याची पेटी प्रचारात आणली. ती जमिनीवर बसून वाजविता येई.

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजी अमलाखाली आला आणि १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिम भागात स्वीडिश मिशनऱ्यांनी काम केले. त्यांच्या मायदेशी ऑर्गन हे नाव नळ्यांच्या आणि पत्त्यांच्या अशा दोन्ही वाद्यांस लावले जाई. मराठी उपासनेचे वळण मात्र निराळे होते. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन व कीर्तन यांना तीत स्थान मिळवून दिले. बैठकीच्या या गायनास पेटी व टाळच अनुरूप होते. जळगावात बालपणी मेहबूबखाँ यांच्याकडे गाणे शिकलेल्या बालगंधर्वांच्या रंगभूमीवरही ‘ऑर्गन’ पत्त्यांचाच होता.

तात्पर्य, लहान चर्चमधील पेटीस दारिद्र्यामुळे पत्करलेला दुय्यम पर्याय मानणे युक्त नव्हे. नाव परकीय राहिले. वाद्याची निवड मात्र गाणाऱ्यांच्या भाषेने आणि बैठकीने केली.