वऱ्हाडच्या गाड्या आणि त्यांच्या कमानी

गाडी उचलून द्या म्हणणारं गिऱ्हाईक आमच्या घरानं तीन पिढ्या पाहिलं. गाडी खाली घ्या म्हणणारी पोरं मात्र गेल्या काही वर्षांतली. अकोल्याला हायवेलगत माझं कमानी-पाट्यांचं, म्हणजे गाड्यांच्या स्प्रिंगांचं, दुकान आहे. तिथं कधी पोलो येऊन उभी राहते, कधी जुनी ऑक्टाव्हिया. मालक बहुधा पंचविशीतला, आणि डिकीत परदेशी कंपनीच्या नव्या स्प्रिंगांचं खोकं. तो विचारतो, "काका, किती खाली घ्यावी म्हणता?" मी त्याला लगेच आकडा सांगत नाही. चाक आणि साठा, म्हणजे गाडीचं वरचं अंग, यांच्यात काय असावं, किती उंच असावं आणि किती कडक असावं, हा हिशेब वऱ्हाडात दीडशे वर्षं चालू आहे. तो माहीत नसताना स्प्रिंग निवडणाऱ्याचे पैसे वाया जातात, हे मी रोज पाहतो.

या हिशेबाची सुरुवात मातीपासून होते. आमच्या काळ्या जमिनीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज आहे. ते पावसात पाणी पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, मग शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात, तर मातीत सोडियम जास्त, त्यामुळे पाणी खाली मुरतच नाही. वरून कितीही चांगलं डांबर टाका, खालची जमीन वर्षातून दोनदा हलते. इतर मुलखात रस्त्याला खड्डे पडतात. आमच्याकडे आधी लाटा येतात, खड्डे मागाहून. चाकाखालची ही लाट ज्यानं ओळखली, त्यालाच इथं गाडी बांधता आली.

रेल्वेच्या आधी कापूस बहुतेक बैलांच्या पाठीवरून जायचा. 1842 साली अमरावतीच्या एका व्यापाऱ्यानं एक लाख बैलांचा कापूस कलकत्त्याकडे रवाना केला, अशी जुन्या गॅझेटियरात नोंद आहे. चाकाची गाडी गाऱ्यात रुतते, बैल रुतत नाही, एवढं साधं त्याचं कारण. 1853 साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. 1861 ते 1865 या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 पर्यंत लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचला आणि 1871 साली बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा निघाला. मग प्रत्येक गावातून स्टेशनाकडे, जिनाकडे बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रीघ लागली. वऱ्हाडातल्या सुतार-लोहारांचे खरे भरभराटीचे दिवस तेव्हापासून आले, असं मी मानतो.

माझे आजोबा दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात बंड्या करायचे. बंडीला कमान नव्हती. आखावर सरळ साठा. लोकांना वाटतं, जुन्या माणसांना कमान ठाऊक नव्हती म्हणून. तसं नाही. इंग्लंडात ओबडाया इलियटनं लंबगोल कमानींचं पेटंट 1804 सालीच घेतलं होतं, आणि शहरातल्या टांग्यांना कमानी होत्या, त्या आजोबांनी पाहिलेल्या होत्या. पण बंडी बैलाच्या चालीनं चालते. त्या चालीत कापसाच्या बोज्याला धक्का लागला काय, न लागला काय. उलट कमान घातली की साठा उंच जातो, भरलेला माल पांदणीच्या उतारावर एका अंगाला झुकतो आणि बंडी कलंडते. आजोबा बंडीची उंची गाऱ्यावरून ठरवत. भर श्रावणात त्या गावच्या पांदणीत चाक किती खोल जातं, ते विचारूनच चाकाचा घेर धरत. आख गाऱ्याला टेकता कामा नये. पोलोच्या मालकाला मी हेच सांगतो, फक्त गाऱ्याच्या जागी स्पीडब्रेकर म्हणतो.

बंडीच्या चाकातही थोडं लवचीकपण असायचं. माथणीतून, म्हणजे चाकाच्या मधल्या गड्ड्यातून, आरे सरळ न काढता जरा बाहेरच्या बाजूला झुकवून बसवत. त्यावर लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चढवायची आणि पाणी ओतायचं. धाव आवळली की सगळं चाक एकजीव होई. बैल डुलत चालला की बंडीला आडवा झोका बसतो, तो हे झुकलेले आरे झेलत. माझ्या मते ते वऱ्हाडातलं पहिलं सस्पेन्शन, आणि ते सुतारानं लाकडात केलेलं होतं.

माणसं न्यायची असली की हिशेब बदलायचा. लेकीबाळींना माहेरी-सासरी पोचवायला दमणी असायची, वर छत, बाजूला पडदे. आजोबांनी अशा एका दमणीला मोडीत निघालेल्या टांग्याच्या कमानी बसवल्या होत्या. घरची बाळंतीण दवाखान्यात होती, तिला परत आणायचं होतं. त्या कमानींतला एक एक पाटा त्यांनी काढून टाकला, कारण टांगा चौघांचा आणि दमणीत दोनच माणसं. वजन कमी झालं तर तीच कमान दगडासारखी लागते, हे ते कुठं शिकले ते देव जाणे. वडिलांनी ही हकिकत मला इतक्यांदा सांगितली, की मी कुठल्याही गाडीला हात लावण्याआधी आत किती माणसं बसतात ते विचारतो.

आणि तिसरी गाडी म्हणजे पटाचा छकडा. आमच्या मुलखातली स्पोर्ट्‌स कार तीच. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, साऱ्या विदर्भात नावाजलेला. छकड्यात वजन ठेवायचंच नाही: बारीक आख, हलकी चाकं, कमानीचा प्रश्नच नाही. उसळी सोसायचं काम धुरकऱ्याच्या, म्हणजे छकडा हाकणाऱ्याच्या, गुडघ्यांचं. धावपट्टी आधी नांगरून, फळी फिरवून सपाट केलेली असते, म्हणून हे चालतं. तोच छकडा कोणी बाजाराच्या रस्त्यावर पळवला तर पहिल्याच लाटेत धुरकरी खाली येईल. शर्यतीची गाडी आणि रस्त्याची गाडी यांत हा फरक आहे, आणि तो वऱ्हाडी शेतकऱ्याला पुरता ठाऊक होता. बैलांचे हाल होतात म्हणून शर्यतींवर बंदी आली. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राला अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या वर्षांत हलका छकडा बांधणारे हात कमी झाले. ते परत मिळणं कठीण आहे, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

वडील अकोल्याला आले ते ट्रकच्या काळात. बंडीलाही तोवर रबरी टायर लागले होते. डनलॉपची बंडी म्हटलं की पोरं बघायला धावत. हवेनं भरलेला टायर हीच बंडीची पहिली स्प्रिंग. आजोबांचा धंदा त्या टायरनं बसला आणि वडिलांचा पाट्यांनी उभा राहिला. एका मिस्त्रीच्या हाताखाली ते घण मारायला शिकले. 1972 साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि हंगामात जिनांपुढे ट्रक आणि बंड्यांच्या रांगा लागू लागल्या. वडिलांकडे येणारा ट्रकवाला एकच मागणं मागे: पाटा वाढवा. माल जास्त भरायचा असे. वडील आधी विचारत, सुटा कापूस की गाठी? सुटा कापूस वजनाला कमी पण उंच, गाडी वळणावर डुलते. दाबलेली गाठ 170 किलोची, गाडी डुलत नाही पण मागून बसते. पहिल्याला ते पाट्यांपेक्षा शॅकल आणि बुश आधी बघत, दुसऱ्याला खाली हेल्पर देत, म्हणजे रिकामी गाडी वरच्या पाट्यांवर चालेल आणि माल भरला की खालचे टेकतील. आज परदेशी कंपन्या वेढ्यांतलं अंतर कमी-जास्त ठेवून जी वाढत जाणारी कडक स्प्रिंग विकतात, तिच्यामागचा विचार हाच.

पाट्याचं काम दिसतं तेवढं घणाचं नाही. पोलादात सिलिकॉन आहे, त्याला तापवायचं ठरावीक रंगापर्यंत, तेलात पाणी द्यायचं, मग पुन्हा हलकं तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. घाईत कोणी गॅसची ज्योत मारून पाटा वाकवला, तर तो महिन्याभरात बसतो. वडिलांच्या दुकानात गॅस होता, पण तो पाट्याजवळ आणायला बंदी होती. शिवाय पाट्यांचा एक गुण असा की ते एकमेकांवर घासतात आणि उसळी आपोआप मरते. गोल स्प्रिंगेत हा गुण नाही. ती उसळत राहते आणि तिला आवरायला शॉकअप लागतो. फियाटच्या पुढे गोल स्प्रिंग होती, मागे पाटे. अ‍ॅम्बॅसेडरच्या पुढे पिळाची सळई, मागे पुन्हा पाटे. मारुती 800 घरोघर आली तेव्हा आम्ही स्प्रिंग आणि शॉकअप जोडीनं बघायला शिकलो.

त्या काळातही गिऱ्हाईक गाडी उंचच मागत होतं. एलपीजी, पुढे सीएनजीची टाकी बसली की डिकी खाली जायची आणि लोक वेढ्यांमध्ये रबरी बफर अडकवून घ्यायचे. काळी-पिवळी टॅक्सीवाले तर आजही पाटे वाढवूनच नेतात.

खाली घेण्याची हौस रस्त्यानं आणली. अमरावती-अकोला मार्ग वर्षानुवर्षं रखडलेला. त्याच मार्गावर लोणी ते माना या टप्प्यात 3 ते 7 जून 2022 या दिवसांत 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत सलग झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा, पंचवीस किलोमीटरचा. त्याच वर्षी 11 डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, तो अमरावती जिल्ह्यातून जातो. असा रस्ता पायाखाली आल्यावर पोरांना गाडी जमिनीला धरून पळावी असं वाटणारच. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना गाडी वळणात झुकू नये, ही इच्छाही खरी आहे. चांगली स्प्रिंग ती पुरी करते. मी त्या हौसेला नावं ठेवत नाही.

आता आकडे. आपल्याकडच्या पोलोची जमिनीपासून उंची सुमारे 165 मिलिमीटर. खाली घेणाऱ्या स्प्रिंगा साधारण 25 ते 40 मिलिमीटर उतरवतात. इंडियन रोड काँग्रेसच्या नियमातला स्पीडब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, त्याची पाठ 17 मीटर त्रिज्येची. पोलोच्या दोन चाकांतलं अंतर अडीच मीटरच्या आत, म्हणजे दोन्ही चाकं त्याच्यावरच असतात आणि पोटाखाली जेमतेम साडेचार सेंटिमीटर उंचवटा येतो. गाडी घासायचं कारणच नाही. पण गावकऱ्यांनी रात्रीतून टाकलेला दीड-दोन फूट रुंदीचा ब्रेकर दोन चाकांच्या मध्ये पूर्ण उंचीनं उभा राहतो. त्यावर चार माणसं बसलेली, 40 मिलिमीटर उतरवलेली गाडी हमखास टेकते. लहान घेराच्या चाकांच्या बंडीचा आख गाऱ्याला टेकायचा तसंच.

उंचीपेक्षा महत्त्वाचा कडकपणा. स्प्रिंगेची तार दहा टक्के जाड केली की ती सुमारे 46 टक्के कडक होते. वेढे कमी केले तरी कडक होते: सहा चालत्या वेढ्यांतला एक कापला तर वीस टक्के. म्हणून काही जण कटरनं वेढा कापून देतात. ते मी करत नाही. कापलेलं टोक बैठकीत सपाट बसत नाही, आणि चाक खड्ड्यात लोंबलं की आखूड स्प्रिंग मोकळी होऊन जागेवरून सुटू शकते. उतरवलेल्या गाडीत चाकाला वर सरकायला जागाही कमी राहते. रबरी बंपस्टॉप तोच ठेवला तर गाडी लाटेवर दर वेळी त्याच्यावर आदळते आणि मालकाला वाटतं स्प्रिंग फार कडक आहे. मूळ शॉकअप मूळ स्प्रिंगेच्या जोरासाठी बनवलेला असतो. कडक स्प्रिंग त्याला पेलत नाही, आणि खारपाणपट्ट्यातल्या लागोपाठच्या लाटांवर गाडी नावेसारखी उड्या मारते.

माझा निर्णय असा. अकोला-अमरावतीत रोज चालणाऱ्या गाडीला 25 ते 30 मिलिमीटरच्या पुढे खाली घेऊ नये. स्प्रिंग नावाजलेल्या कंपनीची, तुमच्या गाडीच्या नेमक्या इंजिनासाठी छापलेल्या नंबराची असावी, कारण डिझेलचं नाक पेट्रोलपेक्षा जड असतं. शॉकअप आणि बंपस्टॉप तिच्या जोडीनं घ्या, पैसे नसतील तर थांबा. बसवल्यावर चाकांची अलाइनमेंट करा, नाहीतर टायर आतून खाल्ले जातील. कायद्याचंही लक्षात ठेवा: कंपनीच्या मूळ नोंदीविरुद्ध गाडीत बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर बोट ठेवून सांगितलं आहे. आधी आरटीओत विचारा, विम्यालाही कळवा. आणि उतरवलेल्या मूळ स्प्रिंगा भंगारात देऊ नका. तेल लावून, पोत्यात बांधून घरी ठेवा. गाडी विकताना त्या लागतात, आणि दोन पावसाळ्यांनंतर त्याच परत बसवायला येणारे पुष्कळ असतात.