खूण आणि कारण : हृदयरोगाच्या रक्तपरीक्षेचा इतिहास

साठी ओलांडलेल्या माणसाच्या घरी आज रक्ततपासणीच्या कागदांची एक पिशवी असतेच. कागदावर आकडे, आकड्यांपुढे मर्यादा, आणि मर्यादेबाहेरचा आकडा ठळक अक्षरांत. तो पाहून घरात चिंता पसरते आणि औषधाने तो खाली आला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. या चिंतेला आणि या सुटकेला आधार कितपत आहे, हे समजायचे तर हे आकडे त्या कागदावर आले कसे, ते पाहिले पाहिजे. हा इतिहास जेमतेम शंभर वर्षांचा आहे आणि त्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिलेला दिसतो : रक्तात जे दिसते ती रोगाची खूण आहे, की रोगाचे कारण?

आरंभी हा प्रश्न नव्हताच, कारण रक्ताला भविष्य कोणी विचारत नव्हते. छातीत कळ येऊन माणूस पडला तर हृदयाला इजा झाली का, एवढेच वैद्याला हवे असे. आणि त्यासाठी त्याच्यापाशी मुख्यतः रोग्याची हकिकत आणि ईसीजीचा आलेख असे. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये आर्थर कारमेन, जॉन लाड्यू आणि फेलिक्स व्रोब्लेव्स्की यांनी दाखवले की हृदयाचा स्नायू मेला की त्यातले एक विकर रक्तात उतरते आणि ते मोजता येते. त्याचे नाव एसजीओटी. आज आपल्या अहवालात हे नाव यकृताच्या मथळ्याखाली छापलेले असते. त्याचा जन्म हृदयाच्या निदानासाठी झाला हे फारसे कोणाला ठाऊक नसते. ते यकृतातूनही येत असल्यामुळे हृदयाच्या कामी अपुरे पडले. पुढे टोकियोत सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात ट्रोपोनिन हे स्नायूंतले प्रथिन शोधले, १९८९ मध्ये जर्मनीत ह्यूगो कातुस आणि सहकाऱ्यांनी हृदयातल्या ट्रोपोनिनची रक्तपरीक्षा बसवली, आणि २००० साली हृदयविकाराच्या झटक्याची व्याख्याच तिच्याभोवती नव्याने लिहिली गेली. ही रक्ताची साक्ष झाली. साक्षीदार घडलेले सांगतो. त्याच्यावर खुनाचा आरोप कोणी ठेवत नाही.

भविष्य विचारण्याची सुरुवात झाली ती अमेरिकेत, बॉस्टनच्या पश्चिमेला असलेल्या फ्रेमिंगहॅम नावाच्या मध्यम वस्तीच्या गावात. १९४५ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षे चढत होता आणि त्यावर देण्याजोगे औषध जवळजवळ नव्हते. १९४८ मध्ये हृदयरोगाच्या संशोधनासाठी तिथे कायदा झाला आणि त्याच वर्षी फ्रेमिंगहॅमच्या ५,२०९ स्त्रीपुरुषांची पाहणी सुरू झाली. कल्पना साधी आणि चिकाटीची होती. ज्यांना हृदयरोग झालेला नाही अशी माणसे घ्यायची, दर दोन वर्षांनी त्यांना तपासायचे, रक्त घ्यायचे, आणि कोणाला काय होते याची वाट पाहायची. रोग झाल्यावर मागे वळून कारण शोधण्याची वैद्यांची सवय इथे उलटी केली गेली. १९६१ साली टॉमस डॉबर, विल्यम कॅनेल आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षांचा हिशेब मांडला : ज्यांचे कोलेस्टेरॉल जास्त, रक्तदाब जास्त, त्यांना हृदयरोग अधिक. 'जोखमीचे घटक' ही आज घरोघर झालेली भाषा याच निबंधामुळे रूढ झाली.

पण अधिक म्हणजे कोणाला? हा हिशेब समूहाचा आहे. विमा कंपनीला हजार माणसांतले किती जातील हे साधारण कळते, कोण जाईल हे कळत नाही. फ्रेमिंगहॅममध्ये कोलेस्टेरॉल जास्त असूनही ठणठणीत राहिलेले होते आणि माफक असूनही गेलेले होते. कागदावरचा ठळक आकडा एखाद्या कुंडलीसारखा वाचण्याची आपली जी रीत आहे, ती मला तरी या संशोधकांच्या पदरी टाकावीशी वाटत नाही.

कोलेस्टेरॉलच्या बाबतीत खूण आणि कारण एकच निघाले, पण ते सिद्ध व्हायला ऐंशी वर्षे लागली. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात कोलेस्टेरॉल घालून खाऊ घातले आणि त्यांच्या धमन्यांत चरबीचे थर बसले. ससा शाकाहारी प्राणी, त्याच्यावरून माणसाचे काय ठरवायचे, हा आक्षेप रास्तच होता. १९७० च्या दशकात डॅलसला मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी लहानपणीच हृदयविकाराचा झटका येणाऱ्या मुलांचा आनुवंशिक दोष उलगडला : रक्तातले एलडीएल उचलून घेणारी दारे त्यांच्या पेशींत नव्हती किंवा निकामी होती. १९८५ चे नोबेल त्यांना मिळाले. तरीही आकडा खाली आणल्याने मरण टळते का, याचे निर्विवाद उत्तर १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ रोग्यांच्या चाचणीने दिले. साधारण साडेपाच वर्षांत नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी २५६ जण गेले, सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी १८२.

या यशाने वैद्यकाला एक मोह पडला. एक आकडा उतरवून माणसे वाचली, तर बाकीचेही आकडे जागेवर आणावेत. इथून पुढचा भाग मला या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तोच कमी सांगितला जातो.

फ्रेमिंगहॅमनेच १९७७ मध्ये दाखवले होते की ज्यांचे एचडीएल जास्त त्यांना हृदयरोग कमी. त्याला 'चांगले कोलेस्टेरॉल' हे लाडके नाव मिळाले. एका औषधकंपनीने ते वाढवणारे टॉर्सेट्रापिब काढले. पंधरा हजारांवर रोग्यांच्या चाचणीत एचडीएल सुमारे ७२ टक्के वाढले, वाईट कोलेस्टेरॉलही उतरले. कागदावर याहून सुंदर अहवाल असू शकत नाही. डिसेंबर २००६ मध्ये चाचणी तातडीने थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. या औषधाने रक्तदाबही चढत होता, तेव्हा सगळा दोष एचडीएलच्या माथी मारता येत नाही. पण २०१२ मध्ये आनुवंशिक अभ्यासाने दुसरी बाजू पुढे आणली : जन्मतः ज्यांचे एचडीएल थोडे अधिक असते अशा काही कुळांना झटक्यापासून संरक्षण मिळत नव्हते. एचडीएल खरी खूण होती. ती खोटी ठरली नाही. कारण मात्र नव्हती.

होमोसिस्टीनची कथा आपल्याला अधिक जवळची. बॉस्टनच्या किल्मर मॅक्कली यांनी १९६९ मध्ये मांडले की हा घटक रक्तात साठला की धमन्या खराब होतात. फॉलिक आम्ल आणि ब जीवनसत्त्वांनी तो सहज उतरतो, आणि तीही स्वस्तात. २००६ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले : होमोसिस्टीन उतरले, हृदयरोगाने होणारे मृत्यू उतरले नाहीत. त्याच वर्षी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. दोन-तृतीयांशांत ब-१२ कमी होते, निम्म्याहून अधिकांत होमोसिस्टीन जास्त, आणि शाकाहाराचा त्याच्याशी ठळक संबंध होता. पिढ्यान् पिढ्या शाकाहारी असलेल्या आपल्या घरांतून ब-१२ ची उणीव भरून काढलीच पाहिजे. नसा आणि रक्त यांना ते लागतेच. परंतु ते घेतले म्हणून हृदय राखले गेले असे समजणे वेगळे.

सीआरपीचे प्रकरण या दोहोंच्या मधले. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रोग्यांत सापडलेले हे प्रथिन १९९७ मध्ये पॉल रिडकर यांनी हृदयरोगाशी जोडले. निरोगी डॉक्टरांचे साठवलेले रक्त तपासले, तर पुढे झटका आलेल्यांत ते आधीपासूनच वाढलेले होते. आनुवंशिक अभ्यासांनी सीआरपी स्वतः निर्दोष ठरवले. पण त्याच्या मुळाशी असलेला दाह? २०१७ मध्ये दाह शमवणाऱ्या कॅनाकिनुमॅबने कोलेस्टेरॉलला हात न लावता झटके कमी केले. त्याबरोबर जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले आणि एकूण मृत्यूंचा आकडा जवळपास तिथेच राहिला. धूर दिसला म्हणून घर तपासावे, धुरावर पाणी मारू नये, असा हा प्रकार.

सध्या हा प्रश्न लायपोप्रोटीन-ए ला विचारला जात आहे. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी ते १९६३ मध्ये शोधले. त्याचे प्रमाण आईबापांकडून येते, आहाराने फारसे हलत नाही, आणि दक्षिण आशियाई लोकांत ते युरोपीयांपेक्षा सरासरीने जास्त आढळते. एकाच घरात काका, वडील, थोरला भाऊ असे पन्नाशीच्या आत गेलेले असतील तर हा आकडा एकदा मोजून घ्यावा, असे डॉक्टर सांगतात. तो जन्मभर साधारण तोच राहतो, दरवर्षी मोजायची गरज नसते. आनुवंशिक पुरावा या वेळी तो कारणच असावा या बाजूचा आहे. तो मोठ्या प्रमाणात उतरवणारी औषधे तयार झाली, आणि त्यांच्या चाचण्यांत मोजायचे ठरले ते रक्तातला आकडा किती उतरला हे नव्हे, तर किती जणांना झटका आला आणि किती जण गेले हे.