वंगण

मनुष्यानें चाक शोधून काढलें याचें कौतुक सर्व इतिहासकार करतात. परंतु तें चाक न कुरकुरतां फिरावें म्हणून त्याच्या तुंब्यांत पहिल्यानें तेल कोणी ओतलें, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. राज्यें, लढाया आणि तह यांच्या इतिहासाला जी प्रतिष्ठा आहे, ती वंगणासारख्या ओशट वस्तूच्या इतिहासाला कोठून असणार? तथापि गेल्या दिवाळीच्या सुटींत जऊळक्यास आमच्या अंगणांत एका डीझेल मोटारीखालीं उताणा पडलों असतां मला असें वाटलें कीं, या काळ्या द्रव्याचा इतिहास सांगितल्यावांचून आपल्या सुशिक्षित वर्गाच्या हातांचा इतिहास पुरा होणार नाहीं.

जऊळका हें वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांतील, अकोला-पूर्णा लोहमार्गावरचें गांव. नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग याच तालुक्यांतून जातो. त्याचे सातशें एक किलोमीटर ५ जून २०२५ पासून पुरे खुले झाले. त्या रस्त्यानें माझा पुतण्या मुंबईहून आपली नवी, उंच, ऐषआरामी डीझेल मोटार घेऊन आला. घरीं पोहोंचतांच मोटारीच्या पडद्यावर तेल बदलण्याची सूचना उमटली. त्यानें कारखान्याच्या दुकानाशीं बोलणें लावलें, मीं म्हटलें, "आपणच बदलूं." तो माझ्या तोंडाकडे पाहूं लागला. इतक्यांत शेजारचे वृद्ध आबा काठी टेकीत आले आणि म्हणाले, "काय हो बापू, गाडीले वंगण देऊन रायले काय?"

पुतण्या हंसला. मला मात्र हंसूं आलें नाहीं. कारण आबांच्या बोलण्यांत चूक अशी कांहींच नव्हती.

वऱ्हाडांत पूर्वीं वंगण घालणें हें गाडीवानाच्या नित्यकर्मांपैकीं एक होतें. चाकाचा तुंबा आणि आंस यांमध्यें एरंडेल किंवा करंजीचें तेल घालावयाचें आणि लांबच्या प्रवासांत तेलाचें नळकांडें गाडीखालीं टांगून न्यावयाचें, असा परिपाठ असे. १८६७ सालीं मुंबईचा लोहमार्ग नागपुरास पोहोंचला आणि अकोला ही कापसाची मोठी पेठ बनली. या भागांतील कापूस तेथवर जाई तो बैलांच्या खांद्यावर. कुरकुरणारी गाडी म्हणजे निष्काळजी धनी, हें गांवांत पोरांसही ठाऊक असे. वंगण हें नोकरावर सोंपविण्याचें काम नव्हतें. ज्याची गाडी त्याचा हात, असाच नियम होता.

या वनस्पतितेलांचें राज्य मोडलें तें अमेरिकेंत. १८५९ सालीं पेन्सिल्व्हानियांतील टायटसव्हिल येथें ड्रेक यानें विहीर खणून जमिनींतलें तेल वर काढलें. त्यांतून दिव्याचें तेल निघाल्यावर जो जड भाग उरे, तो यंत्रांस उत्तम मानवतो असें पुढें दिसून आलें. आपल्याकडे आसामांत दिग्बोई येथें १८८९ सालीं तेल लागलें व १९०१ सालीं तेथें शुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला. तरी एरंड लगेच हरला नाहीं. वेकफील्ड यानें इंग्लंडांत १८९९ सालीं काढलेल्या कंपनीनें आपल्या तेलाला 'कॅस्ट्रॉल' हें जें नांव १९०९ सालीं दिलें, तें एरंडाच्याच इंग्रजी नांवावरून. आणि पहिल्या महायुद्धांतील कित्येक विमानांचीं इंजिनें एरंडेलावर चालत. आमच्या आज्याच्या बैलगाडीचें वंगण आणि आकाशांत लढणाऱ्या वैमानिकाचें वंगण एका झाडाचें होतें!

परंतु तेल नेमकें करतें काय? 'ओशट असतें म्हणून घसरतें,' हें उत्तर हजारों वर्षें पुरलें. १८८३ च्या सुमारास इंग्लंडांत बोशँप टॉवर हा आगगाडीच्या आंसावर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठीं त्यानें वरच्या टोपणास भोंक पाडलें. तों फिरत्या आंसानें खालचें तेल त्या भोंकांतून वर फेंकण्यास आरंभ केला. त्यानें बूच ठोकलें. तेलानें बूच उडवून लाविलें. फिरतां आंस स्वतःच तेल ओढून आपल्याखालीं त्याची पातळ गादी तयार करतो आणि धातूला धातू शिवूं देत नाहीं, हें त्यावरून निघालें. १८८६ सालीं ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यानें त्याचें गणित मांडलें. म्हणजे चालतें यंत्र तेलावर अक्षरशः तरंगत असतें. लहानपणीं, १९८० च्या सुमारास, जऊळका स्टेशनावर मीटरगेजचें वाफेचें इंजिन थांबलें कीं ड्रायव्हर लांब चोंचीची तेलाची झारी घेऊन खालीं उतरे व सांधा-सांधा तपासून तेल घाली. आम्हां पोरांना तो आळशी वाटे. तो आगगाडीला तरंगती ठेवीत होता, हें कॉलेजांत गेल्यावर कळलें.

डीझेल इंजिनाची कथा याहून मनोरंजक आहे. रुडॉल्फ डीझेल याचें पहिलें यशस्वी इंजिन १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें चाललें. लहान कारागिरांना मोठ्या कारखान्यांपुढें टिकाव धरतां यावा अशा इंजिनाची त्याची कल्पना होती. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत तर एक डीझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें. महाराष्ट्रांत ही कल्पना कारागिराआधीं शेतकऱ्याच्या हातीं आली. सातारा रोड येथील कूपर यांच्या कारखान्यानें १९३० नंतरच्या दशकांत डीझेल इंजिनें घडविलीं आणि १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. मोटेच्या जागीं इंजिन आलें. तें इंजिन शेतकऱ्यानें उघडून पाहिलें, त्याचें ऑइल बदललें. ज्यानें कधीं शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें त्यालाही 'चेंबर', 'वायसर' आणि 'फिल्टर' हे शब्द अवगत झाले.

मोटारींत डीझेल मागाहून आलें. जर्मनींत मर्सिडीझ-बेंझनें १९३६ सालीं डीझेलवर चालणारी प्रवासी मोटार विक्रीस काढली. टाटांनीं त्याच घराण्याच्या साहाय्यानें १९५४ सालीं मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. पुण्यांत घडलेली त्यांची सिएरा १९९१ सालीं आली आणि सफारी १९९८ सालीं. १९०५ सालीं मोडलेला वाशीम जिल्हा पुन्हां वेगळा झाला तोही १९९८ सालींच, १ जुलै रोजीं.

येथें एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख करणें अवश्य आहे. डीझेल मोटारींत घातलेलें सोनेरी तेल थोड्याच दिवसांत काळें होतें आणि मालकाला आपण फसलों असें वाटतें. वस्तुतः डीझेल जळतांना काजळी धरते. ती पूर्वीं पिस्टनच्या कड्यांत सांचून त्या जखडून टाकी. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील ट्रॅक्टरांच्या डीझेल इंजिनांस हा रोग जडला, तेव्हां तेलांत धुण्याचा गुण असलेलीं द्रव्यें मिसळण्यांत आलीं. तीं काजळीला उचलून तेलांत तरंगत ठेवतात. तेल काळें झालें, याचा अर्थ तें आपलें काम करीत आहे. मात्र धुणाऱ्याची शक्ति एक दिवस संपते. तें काळें तेल नेमल्या अवधींत बदलावें लागतें तें याचसाठीं.

असो. पुतण्याच्या मोटारीकडे वळूं. बॉनेट उघडून मीं तेल मोजण्याची पट्टी शोधूं लागलों; ती मोटारीला नव्हतीच! कित्येक महागड्या मोटारींत ती आतां ठेवीत नाहींत; तेलाची पातळी पडद्यावर वाचावयाची. खालून इंजिन पत्र्यानें झांकलेलें. हें सर्व मालकाच्या सोयीसाठीं केलेलें आहे, याबद्दल शंका नाहीं; पण सोयीच्या प्रत्येक पायरीबरोबर मालक आपल्या यंत्राला एक पायरी परका होत जातो. आज्याला आंस दिसे, बापाला चेंबर दिसे, मला पट्टी तरी दिसे. पुतण्याला केवळ सूचना दिसते.

आम्हीं काम यथाविधि केलें. इंजिन जरा गरम करून बंद केलें, सपाट जागीं चाकांस उटी लाविली, पत्रा काढला, रुंद घमेलें ठेवून खालचा बोल्ट सोडला. काळी धार थेंबांवर येईपर्यंत थांबलों. नवा फिल्टर बसविला, बोल्टास नवा वायसर घातला आणि पाना बेतानें आंवळला. फाजील जोरानें आटे जातात. कामाच्या उत्साहांत हें शिक्षित हात हटकून विसरतात. मग पुस्तिकेंत लिहिलेल्या प्रतीचें तेल मोजून ओतलें. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या डीझेल मोटारींना धुराड्यांत काजळी गाळणारी चाळणी असते. तेल जळून राहिलेली राख तींत सांचते, म्हणून राख कमी करणारेंच तेल घालावें लागतें. प्रत चुकली तर बचतीचे पैसे चाळणींत जातात.

घमेल्यांतल्या काळ्या तेलाकडे पाहून आबा म्हणाले, "टाकू नोका जी, माह्या गाडीच्या आसाले होते." माझ्या डोळ्यांपुढें आमची विहीर उभी राहिली. तिच्या इंजिनाचें जळकें तेल वडिलांच्या सांगण्यावरून मीच लहानपणीं थारोळ्यामागें ओतीत असें. दारांना वाळवी लागूं नये म्हणून तें फांसतही असूं. पुढें थारोळ्यामागें गवत उगवेनासें झालें आणि एका उन्हाळ्यांत विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुष्याचे रंग तरंगूं लागले. आम्हां मुलांना ते सुंदर वाटले! आई मात्र दोन वर्षें पिण्याचें पाणी दुसऱ्याच्या विहिरीवरून आणीत होती. आपल्या हातानें काम करण्याचा अभिमान मी वर मिरविला. त्याच हातानें केलेलें हें पापही सांगितलें पाहिजे. एरंडेल मातींत सांडलें तर मातीच होतें. जळक्या तेलांत झिजलेल्या धातूचा कीस आणि अर्धवट जळलेलीं विषारी द्रव्यें असतात. २०१६ च्या नियमांनीं तें घातक टाकाऊ पदार्थांत गणलें आहे, आणि तें पुनः शुद्ध होण्यास जाईल हें पाहण्याची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून तेल विकणाऱ्या उत्पादकांवरही घातली आहे.

म्हणून आबांना मीं जळकें तेल दिलें नाहीं. डब्यांत उरलेलें नवें तेल दिलें. त्यांनीं तें बोटांत चोळून पाहिलें आणि नाक मुरडलें: "हे तं पाण्यावानी पातळ हाय!" त्यांचें म्हणणें त्यांच्या गाडीपुरतें बरोबर होतें. मंद चालणाऱ्या आंसाला दाट तेल लागतें. मिनिटास हजारों वेळां फिरणाऱ्या इंजिनास पातळ तेलही आपली गादी करून देतें.

जळकें तेल पुतण्यानें झांकणाच्या डब्यांत भरलें आणि परत जातांना तें जमा करून घेणाऱ्या अकोल्याच्या गॅरेजांत दिलें. त्याचीं नखें दोन दिवस काळीं होतीं. जाण्यापूर्वीं त्यानें मोटारीच्या पुस्तिकेंत तारीख आणि किलोमीटर स्वतःच्या हातानें लिहिले. यंत्र मालकाचें होतें तें त्याची किंमत भरल्यानें नव्हे. त्याच्या पोटांत काय घातलें आणि त्यांतून निघालेलें कोठें गेलें, या दोन्ही प्रश्नांचें उत्तर मालकाला देतां आलें म्हणजे होतें. आबांच्या पिढीला पहिल्याचें उत्तर पाठ होतें. दुसरें आपल्याला शिकावयाचें आहे.