हिंगोलीच्या जलाशयांतील हिवाळी मासेमारी

हिंगोली जिल्ह्यातील मासेमारी मुळात नदीवरची. पूर्णा, कयाधू आणि पैनगंगा या तीन नद्यांच्या डोहांवर भोई समाजाचा हा पिढीजात व्यवसाय चालत असे. पालखी वाहणे, पुरात उतारूंना पैलतीरी नेणे आणि पाणी ओसरल्यावर वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या लावणे ही कामेही याच समाजाकडे होती. पोहताना आधाराला वाळलेले भोपळे, हाती सुताचे फेकजाळे आणि गळ एवढ्या साधनांवर मरळ, वाम, शिंगाडा असे नदीतले मासे धरले जात. उन्हाळ्यात धार तुटली की मासेमारी उरलेल्या डोहांपुरती राहत असे.

धरणांनी हे चित्र पालटले. पूर्णा नदीवर येलदरी आणि तिच्या खालच्या बाजूला औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर ही धरणे 1960च्या दशकात उभी राहिली. येलदरीचे पाणी वीज निर्माण करून सिद्धेश्वरमध्ये येते आणि तिथून कालव्यांत जाते. पुढे पैनगंगेवर, कळमनुरी आणि पुसद तालुक्यांच्या सीमेवर, इसापूर धरण झाले. ज्या भागात डोहांचा शोध घ्यावा लागे, तिथे आता मैलोगणती पसरलेले पाणी आले.

पाणी वाढले, तरी मासा आपोआप वाढला नाही. कटला, रोहू आणि मृगळ या प्रमुख जाती पावसाळ्यातील वाहत्या पाण्यात अंडी घालतात. जलाशयाच्या संथ पाण्यात त्यांचे प्रजनन नीट होत नाही. हा पेच 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे सुटला. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. त्यामुळे मत्स्यबीज केंद्रांत तयार झालेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, दरवर्षी जलाशयांत सोडणे शक्य झाले. गंगेच्या खोऱ्यातले हे मासे मराठवाड्याच्या बाजारात रोजचे झाले, ते या शोधामुळे. जलाशयांचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांना देण्याची पद्धत रूढ झाली आणि सुताच्या जाळ्याची जागा नायलॉनने घेतली.

हिवाळा हा या धंद्याचा महत्त्वाचा हंगाम. पावसाळ्यानंतर जलाशय भरलेले असतात, गढूळपणा निवळलेला असतो आणि थंडीमुळे मासळी लवकर खराब होत नाही. मात्र गार पाण्यात माशांची हालचाल आणि खाणे मंदावते, त्यामुळे त्यांची खोली ओळखावी लागते. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी चरतो. पाण्यात उभ्या राहणाऱ्या जाळ्याला वर तरंगणारी बोंडी आणि खाली वजने बांधतात. जोडीदारांपैकी एक होडी वल्हवतो, दुसरा सांजवेळी जाळे सोडत जातो. पहाटे ते ओढून आसांत, म्हणजे जाळ्याच्या छिद्रांत, कल्ल्यापाशी अडकलेला मासा सोडवला जातो. आसाचा आकार लहान ठेवला की न वाढलेली पिल्लेही अडकतात आणि पुढच्या वर्षाची मासळी हातची जाते.

याच दिवसांत रब्बीसाठी कालव्यांना आवर्तने सुटतात आणि पाणी उतरू लागते. जलाशय मुळात सिंचन आणि पिण्याच्या पाण्यासाठी आहेत, त्यामुळे मासेमारीचे वेळापत्रक पाण्याच्या वेळापत्रकाप्रमाणेच ठरते. वेळेवर सोडलेली बोटुकली, मोठ्या आसाची जाळी आणि उन्हाळ्यापर्यंत टिकणारा पुरेसा साठा या तीन गोष्टी साधल्या, तरच धरणांनी दिलेला हा धंदा पुढच्या पिढीला पोसू शकेल.