लिव्हिन ऑन अ प्रेअर

अमेरिकेतील न्यू जर्सीच्या बॉन जोवी या रॉक बँडचे गाजलेले गीत (१९८६). जॉन बॉन जोवी, रिची सॅम्बोरा आणि डेझमंड चाइल्ड यांनी ते रचले; 'स्लिपरी व्हेन वेट' या अल्बममध्ये ते आहे.

गीताचे नायक-नायिका टॉमी आणि जिना. टॉमी गोदी कामगार. संप चालू असल्याने हातावर हात धरून बसलेला. गिटारही गहाण पडलेली. जिना खानावळीत दिवसभर राबते आणि घर चालवते. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या राजवटीतील कष्टकऱ्यांची ओढाताण अशी एका जोडप्याच्या संसारातून दिसते. मालक, सरकार यांच्या नावाने बोटे मोडणे मात्र यात नाही. राजकीय गीत म्हणावे तर ते तितकेसे नाही. एकमेकांचा आधार, एवढेच टॉमी-जिनाचे भांडवल.

सुरुवातीचा घोगरा, बोलल्यासारखा नाद 'टॉक बॉक्स'चा: गिटारचा आवाज नळीतून वादकाच्या तोंडात येतो आणि ओठांच्या हालचालीने त्याला आकार मिळतो. अखेरीस ध्रुवपदाची पट्टी एकदम तीन अर्धस्वरांनी चढते. भल्याभल्या गायकांची तिथे दमछाक होते.

पहिला मसुदा जॉनला पसंत नव्हता. गीत सोडून देऊ नये म्हणून सॅम्बोराने गळ घातली. फेब्रुवारी १९८७ मध्ये ते अमेरिकेतील 'बिलबोर्ड'च्या लोकप्रिय गीतांच्या यादीत अव्वल ठरले. बँडच्याच 'इट्स माय लाइफ' (२०००) या गीतामध्ये टॉमी-जिनाचा पुन्हा उल्लेख येतो.