ओट्यावरची मेणबत्ती आणि तीनशे वर्षांचा हिशेब

आमच्या सोसायटीतल्या एका ताईंनी सोया मेणबत्त्यांचा घरगुती धंदा सुरू केलाय. ओट्यावर एकात एक ठेवलेली दोन पातेली, वजनकाटा, थर्मामीटर आणि काचेचे ग्लास, एवढाच कारखाना. परवा त्या म्हणाल्या, "मेण वितळवायचं, वास घालायचा, ओतायचं. यात कसला आलाय इतिहास?" म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, पण वाचा.

ताई आज ओट्यावर जे करतात, ते एकेकाळी इंग्लंडमध्ये गुन्हा ठरलं असतं. १७०९ साली तिथल्या पार्लमेंटने मेणबत्तीवर कर बसवला. परवाना काढून कर भरल्याशिवाय घरी मेणबत्ती करायला बंदी. तेव्हा गरिबाची मेणबत्ती म्हणजे जनावराची चरबी, मधमाशीचं मेण श्रीमंतांच्या घरी आणि चर्चमध्ये. चरबी घरची, वात घरची, हात घरचे, तरी उजेड सरकारच्या परवानगीने! मिठाचा कायदा आठवला ना? जात तीच. हा कर उठायला १८३१ साल उजाडलं.

त्या कायद्यात एक फट होती. लव्हाळ्याच्या सोललेल्या काड्या चरबीत एकदाच बुडवून स्वतःच्या घरापुरत्या जाळल्या, तर कर नाही. गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्र्याने १७८९ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात याचा चक्क जमाखर्च मांडलाय. अर्ध्या पेनीची विकतची मेणबत्ती वाऱ्याच्या झोपडीत जेमतेम दोन तास जळते, आणि तेवढ्याच पैशात लव्हाळ्याच्या काड्या ११ तास उजेड देतात. तरी अगदी गरीब माणूस विकतचीच घेतो, अशी त्याची तक्रार. व्हाइटसाहेबांना ते गरिबाचं अडाणीपण वाटलं. मला वाटतं, काड्या करायला आधी चरबी साठवावी लागते, सवड लागते. रोज संध्याकाळी हातात अर्धी पेनी असणाऱ्याला ते कुठून जमणार? भांडवल नसलं की सगळंच महाग पडतं. हे आजही खरंय.

आता गंमत बघा. कर उठला आणि मेणबत्ती घराऐवजी कारखान्यात गेली. शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने चरबीतली घट्ट आम्लं वेगळी करून दाखवली होती. मग मेणबत्तीचा दर्प आणि धूर कमी झाला. साचे भरणारी यंत्रं आली. पुढे खनिज तेलातून पॅराफिन निघालं. मेणबत्ती स्वस्त झाली, चांगली झाली, आणि घरी करायचं कारणच उरलं नाही.

मग वीज आली. अमेरिकेतली प्रॉक्टर अँड गॅम्बल ही कंपनी १८३७ साली एका मेणबत्तीवाल्याने आणि एका साबणवाल्याने मिळून काढलेली. विजेने मेणबत्तीचा खप खाल्ला. तेव्हा हायड्रोजन वापरून पातळ तेल घट्ट करायची नवी युक्ती त्यांनी उचलली आणि १९११ मध्ये सरकीच्या तेलाचं घट्ट 'क्रिस्को' स्वयंपाकासाठी विकायला काढलं. आपल्याकडे १९३७ पासून आलेला डालडा हा त्याच युक्तीचा भाऊ. म्हणजे मेणबत्तीवाले स्वयंपाकघरात शिरले!

सोया मेण म्हणजे तोच प्रवास उलटा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या आयोवा राज्यात मायकेल रिचर्ड्स या मेणबत्तीवाल्याला मधमाशीचं मेण परवडेना. आजूबाजूला सोयाबीनची शेतंच शेतं. सोयाबीनचं तेल आणखी घट्ट करून त्याने मेण बनवलं. ताईंच्या पातेल्यात आहे ते मेण असं जन्माला आलं. नात्याने डालड्याचं सख्खं चुलत भावंड. ते साधारण ५० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून उभ्या कांडीपेक्षा ग्लासात ओतलेलं बरं. म्हणूनच मे महिन्यात कुरिअरने पाठवलेल्या मेणबत्त्या पार वितळून पोचतात, हे ताई पहिल्याच उन्हाळ्यात शिकल्या. "आमच्या मेणबत्तीला धूर नाही" असं कुणी म्हटलं तर मात्र हसून सोडून द्या. ज्योत आली की थोडी काजळी आलीच.

आता आपल्या घरातली गोष्ट. भारतात १९६७ पासून काही वस्तू फक्त लघुउद्योगांसाठी राखीव असायच्या. यादी वाढली, मग आकसत गेली. एप्रिल २०१५ मध्ये शेवटच्या २० वस्तूही खुल्या झाल्या. लोणचं, पाव, वह्या, अगरबत्ती, काडेपेटी, काचेच्या बांगड्या आणि मेणबत्ती. एका देशाने घरच्या मेणबत्तीवर बंदी घातली, दुसऱ्याने छोट्यासाठी कुंपण घातलं. आज ताईंना ना बंदी, ना कुंपण. त्या आणि एखादी बडी कंपनी एकाच मोबाइलच्या पडद्यावर शेजारी शेजारी उभ्या. याला आपण मोकळी स्पर्धा म्हणतो.

आणि या साखळीत एक माणूस दिसतच नाही. लातूर, धाराशिव, वाशीमचा सोयाबीनवाला. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल, आणि बाजारातला भाव महिनोन्महिने त्याच्या खाली. एका क्विंटलमधून साधारण १८ किलो तेल निघतं, बाकीची बहुतेक पेंड कोंबड्यांच्या खाद्याला जाते. १८ किलो मेण धरलं तर २०० ग्रॅमच्या ९० मेणबत्त्या. एक ४०० रुपयांना विकली तरी ३६,००० रुपये. हा सगळा नफा नाही हो! तेल घट्ट करायला कारखाना लागतो. ग्लास, वात, सुगंध, खोकं, फुटतूट, ताईंची जागरणं, सगळा खर्च त्यातच. पण शेत आणि ओटा यांच्यामधली ही उडी केवढी आहे बघा. आयोवातल्या माणसाला शेजारच्या शेतातलं पीक दिसलं, मेण सुचलं. आपण सोयाबीन पिकवतो, विकतो, आणि भाव पडला की रस्ता अडवतो.

ताईंना विचारलं, "हे मेण कुठल्या सोयाबीनचं?" त्यांनी पोतं उलटसुलट करून पाहिलं. लिहिलेलंच नव्हतं.

माझं मागणं साधं आहे. बचतगटांना मेणबत्तीचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देऊन फोटो काढणं पुरे झालं. मराठवाड्यातल्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीला तेलाच्या पुढची पायरी, म्हणजे हे मेण बनवायला भांडवल आणि तंत्र द्या. मग लातूरचं मेण, पुण्यातला ओटा, आणि दोघांचंही नाव खोक्यावर.

या दिवाळीत सोया मेणबत्ती घेणार असाल तर विकणाऱ्याला एवढंच विचारा, "सोयाबीन कुठलं?" बऱ्याच जणांनी विचारलं, तर कुणालातरी उत्तर शोधावं लागेल.