खाली मालक, वर भाडेकरू: जुन्या घराचा विमा कसा काढावा?

सुकापूरला माथेरान रोडच्या बाजूने मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. पण खाली मालकाचं कुटुंब आणि वर दोन-तीन भाडेकरू अशी जुनी घरंही आपल्या लोकांकडे आहेत. कुणाच्या अब्बांनी आखातात राबून ते बांधलं, कुणी नोकरीचा फंड घातला. कित्येक घरांत आलेलं भाडं हीच आई-वडिलांची पेन्शन असते. गाडीचा विमा आपण दरवर्षी भरतो, कारण पोलीस विचारतो. घराचं कुणी विचारत नाही, म्हणून ते राहून जातं. 26 जुलै 2005 चा पूर आणि 3 जून 2020 चं निसर्ग वादळ रायगडने भोगलंय. गाढी नदीही जवळच आहे. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

पॉलिसी कोणती?

1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही घरासाठीची प्रमाणित पॉलिसी सुरू झाली. कंपनी कोणतीही असो, मूळ अटी सारख्याच. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, दरड, दंगल, पाण्याची टाकी फुटणं यांतून होणारं नुकसान तिच्यात येतं. घर राहण्यालायक नसेल त्या काळात बुडालेलं भाडं आणि स्वतःला दुसरीकडे राहावं लागलं तर त्याचं भाडंही मिळू शकतं. भाड्यावर घर चालवणाऱ्यांनी हे कलम नक्की वाचावं.

खाली दुकान असेल तर त्या भागासाठी वेगळी पॉलिसी लागते. छोट्या धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आहे.

रक्कम किती?

इथे बरेच जण चुकतात. विमा जागेच्या बाजारभावाचा नसतो. तेच बांधकाम पुन्हा उभारायला जो खर्च येईल त्याचा असतो. समजा तीन मजले मिळून चटई क्षेत्र 1800 चौरस फूट आणि बांधकामाचा दर फुटाला 2000 रुपये धरला, तर रक्कम झाली 36 लाख. आपल्या भागातला खरा दर कंत्राटदाराला विचारून घ्या. घरातल्या सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, आपोआप धरले जातात. दागिने त्यात नाहीत, ते वेगळे नोंदवावे लागतात.

पॉलिसी घेतल्यावर खोली वाढवली आणि चटई क्षेत्र 10 टक्क्यांहून जास्त वाढलं, तर कंपनीला कळवून जादा हप्ता भरा. नाहीतर वाढीव बांधकामाची भरपाई मिळत नाही.

भाडेकरूंचं काय?

प्रस्ताव अर्जात भाडेकरू आहेत हे स्पष्ट लिहा. एजंटने 'लिहायची गरज नाही' म्हटलं तरी लिहा. भाडेकरूचं सामान मालकाच्या पॉलिसीत येत नाही, पण तो फक्त सामानापुरती हीच पॉलिसी स्वतःच्या नावाने घेऊ शकतो. जिन्याचा कठडा तुटून कुणी जखमी झालं, तर ती जबाबदारी या मूळ पॉलिसीत नाही. तसं वेगळं संरक्षण मिळतं का ते कंपनीला विचारा.

करार तोंडी ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत करणं ही मालकाची जबाबदारी आहे. बुडालेलं भाडं मागताना हाच कागद कामाला येतो.

जुनेपणाला विमा नाही

विमा अचानक आलेल्या संकटाचा असतो. गळती, गंजलेल्या सळ्या, झिजलेला स्लॅब, जुन्या भेगा यांचे पैसे मिळत नाहीत. सदोष बांधकामाने घर खचलं तरी नाही. 24 ऑगस्ट 2020 ला महाडची तारिक गार्डन कोसळली आणि 16 जणांचे जीव गेले. ती इमारत तर फार जुनीही नव्हती. महानगरपालिका हद्दीत 30 वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने लागते. ग्रामपंचायत हद्दीतल्या मालकांनीही ती स्वतःहून करून घ्यावी. वायरिंग बदला. शॉर्ट सर्किटने जळालेलं यंत्र भरपाईत येत नाही, त्यातून पसरलेल्या आगीचं नुकसान येतं. तपासणीचा दाखला आणि दुरुस्तीची बिलं जपून ठेवा.

घर कुणाच्या नावावर?

अब्बांच्या इंतकालनंतरही घरपट्टी त्यांच्याच नावाने येत असेल, तर आधी वारस नोंद करा. बहिणींचाही मीरासमध्ये हिस्सा आहे. सर्व वारसांची नावं पॉलिसीत आली, तर दाव्याच्या वेळी भांडण आणि अडथळा दोन्ही टळतात.

शरई बाजू

जेद्द्याच्या फिक्ह अकादमीने 1985 मध्ये व्यापारी विमा नाजायज ठरवून परस्पर सहकार्याचा विमा, म्हणजे तकाफुल, सुचवला. आपल्याकडे घरासाठी तकाफुल देणारी कंपनी नाही. इस्लामिक फिक्ह अकॅडमी, इंडियाने इथल्या दंगलींची परिस्थिती पाहून जान-मालाच्या विम्याला सवलत दिली आहे. उलेमांत मतभेद आहेत, आम्ही फतवा देत नाही. आपल्या भरवशाच्या मुफ्तीसाहेबांना विचारूनच ठरवा.

नुकसान झालं तर

लगेच कंपनीला कळवा, फोटो काढा, सर्व्हेअर येईपर्यंत मलबा हलवू नका. आग किंवा दंगल असेल तर पोलिसांत नोंद करा. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि 50 लाखांपर्यंतची तक्रार ऐकली जाते. विमा नियामकाचा मदत क्रमांक 155255 आहे.

पावसाळ्याआधी घरपट्टीची पावती, भाडेकरार, घराचे फोटो आणि पॉलिसी एका फाइलीत ठेवा. त्यांची एक प्रत घराबाहेर, एखाद्या नातेवाइकाकडेही असू द्या.